दाराबाहेर बसवलेल्या बाई

हुबळीच्या कमरीपेठेतल्या बायकांना हेमावतीबाई इनामदार आवडत नव्हत्या आणि हेमावतीबाईंना कमरीपेठेतल्या बायका आवडत नव्हत्या. तरीही दर सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी देवळामागच्या खोलीत इंग्रजीचा वर्ग भरायचा, आणि तोही फुकट. शिकवणारी चिडलेली, शिकणाऱ्या चिडलेल्या, आणि मध्ये ती बिचारी इंग्रजी. ज्यांनी बाईंना पाहिलंय त्यांना यात काही नवल वाटायचं नाही. बाई कुणाला पाण्याचा पेला द्यायच्या तोही आदळूनच.

बाई धारवाडच्या. केलगेरीला तळ्याच्या अलीकडं त्यांचं घर. खाली त्या एकट्या, वरची खोली रिकामी. यजमान मधुकरराव वकील होते. कोर्टात बोलायचे आणि घरी ऐकायचे. ते जाऊन बरीच वर्षं झाली. बाईंनी एका हायस्कुलात जन्मभर इंग्रजी शिकवलं. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं आता डॉक्टर आहेत, वकील आहेत, एकजण तर तहसीलदार आहे. खरं बाई समोरून येताना दिसल्या की अजूनही रस्ता ओलांडून पलीकडं जातात. बाईंना याचा केवढा अभिमान! "धाक आहे अजून," असं त्या शेजारपाजारी सांगायच्या.

मुलगा श्रीहर्ष टोरांटोला. मध्ये एकदा बाई त्याच्याकडं राहायला गेल्या आणि तिथं या सगळ्याला तोंड फुटलं. सुनेनं, सावनीनं, अगदी चांगल्या मनानं सासूला जवळच्या लायब्ररीत नेऊन बसवलं. तिथं परदेशातून आलेल्या आईबापांना एक गोरी बाई हौसेनं, एक पैसा न घेता इंग्रजी शिकवायची. सावनीला वाटलं, आईंना चार माणसं भेटतील, वेळ जाईल. आणि त्या गोऱ्या बाईनं हेमावतीबाईंना, अहो, हेमावती इनामदारांना, सफरचंदाचं चित्र दाखवून विचारलं, हे काय आहे? बाईंच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्याहून संताप याचा, की ती बाई कुणाचं काहीही चुकलं तरी "व्हेरी गुड, व्हेरी गुड" म्हणून टाळ्या वाजवायची. एक चिनी आजोबा अख्खं वाक्य उलटंपालटं बोलले आणि टाळ्या घेऊन ऐटीत खाली बसले. घरी आल्यावर बाई सुनेशी कितीतरी दिवस धड बोलल्या नाहीत. परत येताना विमानातच त्यांनी मनाशी ठरवलं, इंग्रजी कसं शिकवतात ते आता मी दाखवतेच. कुणाला दाखवायचं, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

ते ठरलं हुबळीत, भीमरावच्या दुकानात. कमरीपेठेत गलाईवाल्यांची दुकानं आहेत. सोनारांकडचं सोनं, चांदी भट्टीत गाळून शुद्ध करून द्यायचा हा धंदा, आणि तो करणारी माणसं बहुतेक सांगलीकडची, खानापूर-आटपाडीच्या बाजूची. एकेका गावाचे लोक भट्ट्या घेऊन देशभर पांगलेत. धंद्याची रीत अशी, की गावातला एकजण आधी येऊन दुकान टाकतो, मग गावाकडची पोरं आणून कामाला लावतो. त्यांची लग्नं झाली की बायका येतात, त्यांना खोल्याही तोच देतो, आणि त्यांच्या पोरांना शाळेत घालतो तोही तोच. गावात ओळख त्याची, पत्ता त्याचा, म्हणून शाळेत पालक म्हणून नाव लागतं तेही मालकाचंच. तो म्हणेल त्या दिवशी बिऱ्हाड उचलायचं आणि तो म्हणेल त्या गावाला जायचं. इथला मालक म्हणजे भीमराव. पोट सुटलेलं, गळ्यात जाड साखळी, बोलणं गुळासारखं गोड, आणि सगळ्यांच्या नाड्या त्याच्या मुठीत.

बाई जुनी चांदीची भांडी गाळायला घेऊन गेल्या होत्या. दुकानाच्या पायरीवर रेश्मा, म्हणजे भट्टीवर काम करणाऱ्या आनंदाची बायको, आपल्या पोरीला घेऊन बसली होती. मोबाईल मोठ्या आवाजावर लावलेला. पलीकडून शाळेतली टीचर इंग्रजीत सांगत होती, की पल्लवी वर्गात तोंडच उघडत नाही, आईनं एकदा येऊन भेटावं.

"काय म्हणत्यात गं?" रेश्मानं पोरीला विचारलं.

"उद्या सुट्टी हाय म्हणत्यात," पल्लवी म्हणाली.

"खोटं!" बाई दुकानातून एवढ्यानं ओरडल्या की भट्टीवरचा माणूस दचकला. "साफ खोटं बोलतेय ही! तुला शाळेत बोलावलंय." आणि त्यांनी टीचरचा शब्दन् शब्द मराठीत सांगितला.

पल्लवीचं तोंड एवढंसं झालं. रेश्मानं पोरीकडं बघितलं, मग बाईंकडं बघितलं, आणि राग बाईंवरच काढला. "तुमाला कुणी इचारलं वं?"

"कुणीच नाही. म्हणूनच सांगतेय. आई आहेस ना तू? पोरगी भर बाजारात तुझ्या तोंडावर खोटं सांगते आणि तू माना डोलावतेस. लाज नाही वाटत?"

असा त्या दोघींचा परिचय झाला. वर्गाचं बोलणं निघालं तेही भांडणातूनच. रेश्मा म्हणाली, एवढंच हाय तर शिकवा की मग, आणि बाई म्हणाल्या, शिकवीन, खरं माझ्या पद्धतीनं. भीमराव गल्ल्यावर बसून हसत होता. "शिकवा की बाई, शिकवा. तेवडीच दुपारची कटकट कमी हुईल." बायकांचा विरंगुळा होतोय, आपलं काय जातंय, असा त्याचा हिशेब.

बाईंची पद्धत म्हणजे काय, ते त्या खोलीत बसलेल्या बाईलाच माहीत. उभं राहायचं. हात मागं बांधायचे. आधी गुड मॉर्निंग, मग नाव, मग आपण कोण, मग काय ते बोलणं. मध्ये जरा अडखळलं, जरा चुकलं, की बाई टेबलावर बोटं आपटून म्हणायच्या, "पहिल्यापासून!" मग पुन्हा गुड मॉर्निंग. पुन्हा चुकलं, पुन्हा पहिल्यापासून. संगीता नावाची एक पोरगेली बाई एका दुपारी तेच तेच म्हणून शेवटी ढसाढसा रडली आणि चपला हातात घेऊन पळाली. ती पुन्हा आली नाही. बाकीच्या यायच्या, खरं बाई पाठमोऱ्या झाल्या की एकमेकींना चिमटे काढायच्या. बाईंसारखं नाक वर करून, चष्म्यावरून बघत चालून दाखवायच्या. बाईंना ते कळत नव्हतं असं नाही. त्यांनी जन्मभर पाठीला डोळे लावूनच शिकवलं होतं. त्यांना वाटायचं, हसतात तर हसू देत, शिकतात ना?

आणि त्याही काही कमी बोलायच्या नाहीत. "तुमचं मराठीच आधी धड नाही, इंग्रजी कसलं बोलता?" असं त्या एकदा रेश्माला सगळ्यांदेखत म्हणाल्या. "हौसच आहे तुम्हाला इंग्रजी शाळेची. शेजारणीची पोरगी जाते म्हणून आपली जायला पाहिजे."

रेश्मा ताडकन उठली. हात मागं न बांधताच. "हौस? बाई, माजं लगीन झालं तवा आमी इरोडला हुतो. तितं तामिळ. मग मालकानं गुंटूरला धाडलं, तितं तेलगू. आता हितं कन्नड. येक भाषा तोंडात बसतीय न बसतीय तवर आमाला गाडीत बसवत्यात. गुंटूरासनं आलो तवा मदीच कुणी शाळंत घेतलं न्हाय, पोरगी वरीसभर घरात बसली. दर बारीला नव्यानं मुकी हुतीया माजी पोर. इंग्रजी तेवडी समद्या गावांत सारकी, म्हनून पोटाला चिमटा काडून घातलीया तिला. तुमी धारवाडात जल्मला, धारवाडात ऱ्हायला. तुमाला काय कळायचंय?"

 बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "बरं, बरं. साकु, पुरे आता," त्या म्हणाल्या. "वही काढ."

त्या दिवसापासून त्या रेश्माच्या मागं हात धुऊन लागल्या. बाकीच्यांना एकदा पहिल्यापासून, तर रेश्माला तीनदा. तीही अशी हट्टी, की दातओठ खाऊन पुन्हा म्हणायची, आणि बाईंकडं अशी बघायची की डोळ्यांनी जाळून टाकावं. चिगरी नावाच्या बसमधून धारवाडला परतताना बाई खिडकीशी बसून गालात हसायच्या. इतक्या वर्षांत अशी शिष्या मिळाली नव्हती त्यांना. हे त्यांनी रेश्माला कधी सांगितलं का? नाव नको! कौतुक केलं की पोरं बिघडतात, अशी त्यांची ठाम समजूत. श्रीहर्षलाही त्यांनी कधी शाबास म्हटलं नव्हतं, आणि तो कुठं बिघडला? टोरांटोला गेला.

पल्लवी नववी पास झाली. चार वर्षं खपून तिनं कन्नड लिहायला-वाचायला शिकून घेतली होती, आणि दहावी सुरू होणार तेवढ्यात भीमरावनं कटकला नवीन दुकान घेतलं. आनंदानं जाऊन ते सांभाळायचं, बिऱ्हाडासकट. आनंदा नेहमीसारखा हो म्हणाला. त्या माणसाला नाही हा शब्द कुणी शिकवलाच नव्हता. शाळा सोडल्याचा दाखला काढायच्या अर्जावर भीमरावनं त्याची सही घेतली सुद्धा.

"ऐन दहावीत कटकला कुठली शाळा घेणार तिला?" रेश्मानं भीमरावला विचारलं होतं.

"न्हाई घेतलं तर न्हाई. दोन वर्सांत उजवायचीच हाय की पोरगी," तो गोड हसून म्हणाला होता. "तिकडंबी आपल्या गावची पोरं हायती."

वर्ग सुरू व्हायच्या आधीच रेश्मा खोलीत येऊन उभी होती. बाई आत पाऊल टाकतायत तोवर तिनं सगळं सांगून टाकलं. शाळेत नवीन आलेल्या हेडमिस्ट्रेस सिस्टर केरळच्या, त्यांना कन्नडही नीट येत नाही, सगळं इंग्रजीत. परवा भीमराव दाखला आणायला जाणार. दाखला हातात पडला की संपलं, पोरीची शाळा कायमची सुटली. "बाई, मी कदी तुमच्याकडं काय मागितलं न्हाय. तुमी चला आन तुमीच बोला. तुमचं इंग्रजी ऐकून सिस्टर गार पडंल."

आता कुणीही शहाणं माणूस हो म्हणालं असतं. बाई म्हणाल्या, "मी बोलायचं? आई तू का मी?"

"बाई, हितं माज्या पोरीचा जीव चाललाय."

"म्हणूनच तू बोलायचं. एवढे दिवस काय माशा मारल्या का आपण इथं? उभी राहा. मी लिहून देते, पाठ कर. चल, गुड मॉर्निंगपासून."

रेश्मानं हात जोडून बघितले, भांडून बघितलं. बाई हलल्या नाहीत. खरं सांगायचं तर त्यांच्या डोळ्यांपुढं एकच चित्र होतं. सिस्टरच्या समोर रेश्मा उभी आहे, न अडखळता बोलते आहे, आणि सिस्टर चकित होऊन विचारते, हे तुम्हाला कुणी शिकवलं? पल्लवीची दहावी त्या चित्रात होती, नाही असं नाही. खरं जरा मागं होती.

दाखल्याच्या दिवशी बाईही रेश्माबरोबर शाळेत गेल्या. आनंदा फाटकापर्यंत आला आणि चहा पिऊन येतो म्हणून गेला, तो गेलाच. आत सिस्टरसमोर भीमराव पाय पसरून बसला होता. पल्लवी भिंतीला चिकटून उभी. बाजूच्या टेबलावर क्लार्क दाखल्यावर शिक्का मारायला तयार. सिस्टर बारीक, चष्म्याच्या, कपाळाला आठ्या. त्यांनी रेश्मा आणि बाई दोघींना बसायची खूण केली. बाई बसल्या. रेश्मा हात मागं बांधून उभीच राहिली.

"गुड मॉर्निंग, सिस्टर. माय नेम इज रेश्मा. आय ॲम पल्लवीज मदर."

बाईंचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. सगळं कसं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात भीमराव मध्येच म्हणाला, "सिस्टर, फादर साइन डन. लेडीज नो नॉलेज. मी आय ॲम गार्डियन."

आणि रेश्माचं डोकं फिरलं. बाईंनी लिहून दिलेलं सगळं तिनं तिथंच टाकून दिलं. मागं बांधलेले हात पुढं आले. "नो, सिस्टर! दिस मॅन नो फादर! दिस मॅन ओन्ली शॉप! आय मदर! माय गर्ल एव्हरी टाइम ट्रेन, एव्हरी टाइम न्यू स्कूल, नो फ्रेंड, नो टॉक! नाऊ टेन्थ, नाऊ अगेन ही टेक..."

सिस्टरनं पेन खाली ठेवलं होतं. त्या खुर्चीत पुढं सरकल्या होत्या. क्लार्कचा हात शिक्क्यावरच थांबला होता. हे सगळं बाईंना दिसलं का? दिसलं असणार, त्यांना डोळे होते. खरं कानात काय शिरत होतं, तर एकामागून एक चूक. क्रियापद नाही, काळ नाही, काही नाही. त्यांची बोटं आपोआप सिस्टरच्या टेबलावर आपटली आणि तोंडून निघून गेलं, "पहिल्यापासून!"

रेश्मा थांबली. जणू कुणी मागून पदर ओढला. तिचे हात पुन्हा मागं गेले, मान खाली गेली, आणि ती बारीक आवाजात म्हणाली, "गुड मॉर्निंग, सिस्टर. माय नेम इज रेश्मा."

क्लार्क फस्सकन हसला. भीमराव तर मांडीवर थाप मारून हसला. "बगितलं, सिस्टर? पॅरट! पॅरट हाय ती!" रेश्मानं पुढचं आठवायचा प्रयत्न केला, तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. पाठ केलेलं गेलं होतं आणि मनातलंही गेलं होतं. तिनं मान वळवून बाईंकडं बघितलं. रागानं नाही, रागानं ती रोजच बघायची. या वेळी तिच्या डोळ्यांत काहीच नव्हतं, आणि ते बाईंना सोसलं नाही.

बाई उठल्या. आयुष्यभराचं सगळं इंग्रजी गोळा करून त्यांनी सिस्टरला सांगायला सुरुवात केली. असं काही लांबलचक, नटलेलं, घोटीव वाक्य, की तहसीलदारानं ऐकलं असतं तर घाम फुटला असता. सिस्टरनं ते पुरं होऊ दिलं नाही.

"आर यू अ रिलेटिव्ह, मॅडम?"

"आय ॲम हर टीचर."

"देन प्लीज वेट आउटसाइड."

बाईंना आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. भीमरावच्या मिशीत हसू फुटलं. तोवर सिस्टर त्याच्याकडं वळून म्हणाल्या, "यू टू, मिस्टर. आउटसाइड. आय विल टॉक टू द मदर." आणि क्लार्ककडं नुसतं बघितलं, तर तोही कागद गोळा करून उठला.

दार बंद झालं. बाहेर भिंतीला एक लाकडी बाक होता. ज्यांनी एकमेकांचं तोंड पाहू नये अशी ती दोघं त्याच बाकाच्या दोन टोकांना बसली. आजवर बाईंनी कितीतरी पोरांना वर्गाबाहेर काढलं होतं. त्यांना स्वतःला बाहेर काढायची कुणाची छाती झाली नव्हती. त्यांचे कान तापून लाल झाले होते.

"लई उपकार झाले, बाई," भीमराव साखळीशी खेळत म्हणाला.

"तोंड सांभाळून बोल."

"न्हाय, खरंच. चार वर्सं दामटतोय म्या तिला, तरी गप बसत नव्हती. तुमी येका शब्दात बसवली. मानलं तुमाला."

बाईंनी त्याला सोलून काढला असता. शब्द तर त्यांच्या जिभेवर रांग लावून उभे असायचे. आज मात्र मेल्यानं खरं तेच सांगितलं होतं, आणि ते त्याच्यासारख्या माणसाच्या तोंडून ऐकावं लागलं, याची त्यांना शरम वाटली.

 आत सिस्टर काहीतरी हळू बोलल्या.  आणि मग रेश्माचा आवाज आला. आधी अडखळत, मग मोठा, मग आणखी मोठा. त्या बोलण्यात इंग्रजी होतं, मध्येच कन्नड होतं, एक-दोन तेलगू शब्द होते आणि सांगलीकडचं मराठीही होतं. सगळं एकात एक कालवलेलं. एकही वाक्य सरळ नव्हतं. प्रत्येक चूक बाईंना लागत होती, भातात खडा लागावा तशी. त्यांनी बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. आत पल्लवीही काहीतरी बोलली, बारीक आवाजात, इंग्रजीतच. सिस्टरनं तिला काही विचारलं आणि ती परत बोलली. बाईंना रडू आलं. रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला, आणि भीमरावला दिसू नये म्हणून त्या नोटीस बोर्डाकडं तोंड करून बसल्या.

दार उघडलं तेव्हा रेश्माचा चेहरा घामानं भिजला होता. तिनं आधी भीमरावला गाठलं.

"दाखला न्हाय देत सिस्टर. आई न्हाय म्हनती तवर कुणाला देनार न्हाय म्हनली. दहावी हितंच."

"आन ऱ्हानार कुटं?" भीमरावचा गोडवा उडाला. "खोली माजी हाय. आनंदा कटकला गेला की खोली मोकळी पायजे मला. समजलं?"

"ह्यास्नी जायचं तर जाऊ द्या. मी पोरीला घिऊन ऱ्हाते. खोली उद्याच सोडते, ठेवा तुमची तुमाला."

"बगतो मी कुटं ऱ्हातीस ते." तो धाडधाड पावलं टाकत निघून गेला. क्लार्कशीही बोलला नाही.

बाई उठून उभ्या राहिल्या.  चुकलं म्हणायचं त्यांच्या मनात होतं, अगदी जिभेच्या टोकावर होतं. ते म्हणायची सवय नव्हती, म्हणून त्या दुसरंच बोलल्या. "केलगेरीला माझ्या घरी वरची खोली आहे. मोकळीच आहे. भाडं वगैरे काही नको. धारवाडहून पल्लवीला बस आहे. मी तिचा अभ्यास घेईन. बघ, बोर्डात इंग्रजीत पहिली आणते तिला."

माझ्या घरी राहा, असं त्यांनी कधी कुणाला म्हटलं नव्हतं. सुनेला म्हटलं नव्हतं, बहिणीच्या मुलीला म्हटलं नव्हतं. आणि म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की ही हो म्हणावी असं आपल्याला फार वाटतंय. घरात माणसं असावीत, वरून पावलांचा आवाज यावा, असं वाटतंय.

रेश्मानं पदरानं तोंड पुसलं. "नगं, बाई."

"नको म्हणजे? जाणार कुठं? रस्त्यावर?"

"हितं जवळच रायापूरला गावाकडची येकजण हाय. पत्र्याची का असंना, खोली हाय."

"पत्र्याच्या खोलीत दहावीचा अभ्यास होणार? डोकं फिरलंय का तुझं? हे बघ, माझ्यावरचा राग पोरीवर काढू नकोस."

"राग न्हाय, बाई," रेश्मा म्हणाली, आणि तिचा आवाज खरंच शांत होता. "तुमी शिकिवलं ते मी इसरनार न्हाय. तुमी वाईट न्हाय, मला ठावं हाय. पर माजी पोरगी तुमच्या घरात भिऊन ऱ्हाईल. भ्यायला तिला भीमराव पुरला की."

बाईंनी पल्लवीकडं बघितलं. पोरगी नाही म्हणेल, तसं काही नाही आजी म्हणेल, असं त्यांना वाटलं. पल्लवी आईच्या मागं सरकली आणि तिनं आईच्या पदराचं टोक धरलं. आता दहावीला जाणारी एवढी मोठी पोरगी.

"जा मग," बाई म्हणाल्या. "जा. माझं काय अडलंय?" त्यांचा आवाज चढला होता, आणि पुढच्या वर्गातल्या पोरांनी खिडकीतून माना बाहेर काढून बघितलं.

त्या दोघी फाटकाकडं चालू लागल्या. बाईही त्यांच्या मागोमाग निघाल्या, कारण बाहेर जायची वाट एकच होती. फाटकाशी रेश्मानं रिक्षा थांबवली. रिक्षावाल्याशी ती कन्नडमध्ये बोलली, मोडकंतोडकं, न थांबता, आणि तो हो म्हणाला. तिनं आधी पल्लवीला चढवलं, मग स्वतः चढली. रिक्षात जागा होती. तिनं बाईंना या म्हटलं नाही.